अडत दुकानाची राहून गेलेली साक्ष

मी एक जुनी इमारत आहे. जुनी म्हणजे अशी जुनी, की माझ्यासमोरून पहिली मोटार गेली तेव्हा गाडीचे बैल बुजले आणि खरं सांगायचं तर थोडीशी मीपण बुजले. चिखली तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात, अमडापूरच्या रस्त्याकडे तोंड करून मी उभी आहे. गाव कोणतं ते मुद्दाम सांगत नाही. झालं ते ऐकून तुम्ही गावावर चिडाल, आणि कसंही असलं तरी गाव माझं आहे.

मित्रांनो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मला वाचवा म्हणून मी हे बोलत नाही. ती वेळ गेली. येत्या उन्हाळ्यात मला पाडायचं ठरलं आहे आणि माझे खांब कोण नेणार, दगड कोण नेणार, याची बोलणीसुद्धा झाली आहेत. पण मी एक गोष्ट पाहिली आहे. माझ्याशिवाय ती कोणीच पाहिली नाही. आणि ज्या दिवशी ती सांगायला हवी होती त्या दिवशी मला सांगता आली नाही. भिंतींना कान असतात असं लोक म्हणतात ना? असतात. फक्त कानच असतात.

मला माझ्या मालकाच्या, माणिकरावांच्या वडिलांनी बांधलं. कापसाचा धंदा तेव्हा जोरात होता. खामगाव-अकोल्याचे व्यापारी गावात यायचे आणि त्यांच्यासमोर ताठ बसता यावं म्हणून म्हातारबुवांनी मला बांधायला काढलं. दगड गावच्याच खदानीतला, काळाकुट्ट. चुना बैलानं ओढलेल्या दगडी चाकाच्या घाणीत मळलेला, त्यात गूळ आणि बेलाचा गर. त्या गुळापायी बांधकाम चालू असतानाच माझ्या भिंतींना मुंगळे लागले, आणि गवंडी हसून म्हणाले की इमारत गोड निघाली! खाली लांबलचक ओटा, त्यावर सागवानी खांब, मधोमध एवढा मोठा दरवाजा की कापसानं भरलेली गाडी बैलांसकट आत जावी. आणि वर माडी. रस्त्याकडे खिडक्यांची रांग असलेली अशी माडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. हे मी नाही, लोक म्हणायचे. मी फक्त ऐकायचे आणि मनातल्या मनात फुगायचे.

अडत दुकान म्हणजे शेतकऱ्याचा माल दुसऱ्याला विकून देण्याची जागा. दसरा झाला की गाड्या यायला लागायच्या. रात्रभर वाट चाललेले बैल माझ्या दारात उभे राहिले की त्यांच्या अंगाची ऊब माझ्या पायापर्यंत पोचायची. आत कापसाचा ढीग व्हायचा, पांढरा, मऊ, माडीच्या जिन्याला टेकेल एवढा. मापारी काटा धरायचा आणि पहिल्या मापाला कधीच एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. दिवसभर माझ्या पोटात असं लाभ लाभ चालायचं. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी माझ्या सगळ्या खिडक्यांत पणत्या लावल्या होत्या आणि बाहेरगावचा एक गाडीवान मला पाहून विचारत होता की इथं लग्न कोणाचं आहे!

आता मालकाबद्दल सांगते, कारण मालकाचा स्वभाव कळला नाही तर पुढचं काही कळायचं नाही. म्हातारबुवांच्या मागं गादीवर माणिकराव बसले. माणिकराव चिक्कू होते. थोडेथोडके नाही, अस्सल चिक्कू. कापूस टाकून परत निघालेल्या गाडीवानाला ते थांबवायचे आणि त्याच्या धोतराला चिकटलेला कापूस बोटांनी वेचून घ्यायचे. "माल माहा हाय, धोतर तुह्यं," असं म्हणायचे. पाहुण्याला चहा द्यायची वेळ आली की त्यांना हटकून देवळात जायची आठवण व्हायची. गावात कोणी फारच हात आखडता घेतला, तर लोक म्हणायचे, काय माणिकराव झाला काय बे?

अडतीत एक दलाल होता, इंद्रभान. दलाल म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल. पण इंद्रभानवर शेतकऱ्याचाही विश्वास आणि व्यापाऱ्याचाही. त्याचं कारण रुमाल.

कापसाचा भाव आमच्याकडे तोंडानं बोलत नसत. मार्केटवाल्यांनी कितीदा सांगितलं की असं करू नका, उघड बोली लावा. पण अडतीतली माणसं ऐकतात थोडीच. दोघं समोरासमोर ओट्यावर बसायचे. हातांवर रुमाल टाकायचे. मग रुमालाखाली एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. कोणतं बोट, किती बोटं, यावर भाव ठरायचा. वर तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. सौदा पटला की माणिकराव रुमाल फाडकन झटकून खांद्यावर टाकायचे. फिसकटला की शांतपणे घडी करून खिशात ठेवायचे. आणि नियम असा, की रुमालाखाली जे ठरलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, देवापुढेसुद्धा नाही. इंद्रभाननं तो नियम जन्मभर पाळला. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं.

पण मित्रांनो, एक गंमत आहे. रुमाल वरून झाकतो. खालून कोण झाकणार? खाली ओटा होता, म्हणजे मीच! त्या ओट्यावर झालेला प्रत्येक सौदा मी खालून पाहिला आहे.

मग दिवस पालटले. सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हाती घेतली. खासगी व्यापाऱ्यानं कापूस घ्यायचा नाही असं ठरलं. चूक की बरोबर ते मला कळत नाही, मी दगडमातीची. मला एवढंच कळलं की दसरा आला आणि गाड्या माझ्या समोरून पुढे निघून गेल्या. एक बैल सवयीनं माझ्या दाराकडे वळला, तर गाडीवानानं त्याचा कासरा ओढून मान सरळ केली. काटा खाली उतरवला. माणिकराव रिकाम्या गादीवर बसून राहायचे आणि हात मांडीवर उघडमीट करायचे. इंद्रभान तरीही रोज यायचा. दोघांनाही काम नव्हतं. दोघंही एकमेकांना तसं म्हणायचे नाहीत.

त्याच साली दुष्काळ पडला. माझ्या तळमजल्यात सुकडीची पोती आली. खडी फोडायला जाणाऱ्या मजुरांना वाटायची ती गोडसर सुकडी. आणि माडीवर? माडीवर तर त्याच्या आधीपासूनच मजा चालू होती. माडीवर पोरी होत्या!

ते असं झालं. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर चिखली. मुलं एसटीनं जायची, सायकलवर जायची. मुली घरी बसायच्या. तेव्हा सिंधूताई नावाच्या एक बाई बुलढाण्याहून गावच्या शाळेवर शिकवायला आल्या आणि त्यांनी मुलींची आठवी काढली. जागा नव्हती. त्या थेट माणिकरावांकडे आल्या आणि म्हणाल्या की माडी रिकामीच आहे, तेवढी द्या. माणिकराव म्हणाले, झाडलोट कोण करीन? बाई म्हणाल्या, मुली करतील. रोज फुकट झाडलोट होणार म्हटल्यावर माणिकरावांनी हो म्हणून टाकलं.

काय सांगू तुम्हाला! माझ्या माडीवर तोवर व्यापारी घोरायचे, तंबाखू थुंकायचे. आता पोरी जिन्यावरून धडधडत वर यायच्या. त्यांच्याबरोबर मीही शिकले. बाईंनी एकदा सांगितलं की हा काळा दगड ज्वालामुखीच्या रसातून झाला आहे. मी थक्कच झाले. म्हणजे मी एकेकाळी वाहत होते! आणि या सगळ्या पोरींत आवाज मोठा कोणाचा, तर इंद्रभानच्या शारदाचा. ती प्रश्न विचारायची तर समोरच्या कासाराच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं. एकदा खालून सुकडीचा वास आला आणि सगळ्यांची भूक चाळवली, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "बाई, अकबर नंतर येऊ द्या. अगोदर सुट्टी द्या, माह्या पोटात पानिपत सुरू झालं." बाई स्वतःच हसत बसल्या. शारदाला मॅट्रिक व्हायचं होतं. मॅट्रिक होऊन बाईंसारखं खडू हातात धरायचं होतं. हे ती इतक्यांदा म्हणायची, की माझ्या वाशांनासुद्धा पाठ झालं होतं.

ती नववीत असताना शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले. माडी बघितली, मुली बघितल्या, खूश झाले. जाताना म्हणाले की शाळेची स्वतःची पक्की जागा असेल तरच मान्यता मिळेल. जूनपर्यंत दाखवा, नाहीतर हा वर्ग बंद.

आणि नेमकं तेव्हाच माणिकरावांच्या मुलानं, उद्धवनं, वडिलांना अकोल्याला नेऊन ही इमारत विकायचं काढलं. उद्धव तिकडेच शिकला, तिकडेच वकिली करायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला मी म्हणजे एक रिकामी पडलेली, भाडं न देणारी जागा दिसायची, एवढंच. सिंधूताई इंद्रभानकडे गेल्या. म्हणाल्या, तुमचं ते ऐकतात, तुम्हीच बोला.

चैत्रातली सकाळ होती. माणिकराव ओट्यावर बसले होते. वर मुलींचे पाढे चालले होते. इंद्रभान आला, जवळ बसला. म्हणाला, "मालक, माडी पाहिजे. पोरीईच्या शाळेले. कायमची. काय घेता बोला."

माणिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला.

"तोंडानं काऊन बोलतं बे इंदर? साल झालं सौदा करून. हात दे."

मित्रांनो, मी खालून पाहत होते. इंद्रभाननं आधी एक बोट पुढे केलं. माणिकरावांनी ते मिटवलं. इंद्रभाननं दोन बोटं पुढे केली. म्हाताऱ्यानं ती मिटवली. इंद्रभानच्या कपाळावर घाम आला. त्याला वाटलं, भाव कमी पडतोय. मालक जुने, चिक्कू, सोडणार नाहीत. त्यानं तीन केली, चार केली. प्रत्येक वेळी म्हातारा ती हळूच मिटवायचा आणि वर तोंडानं म्हणायचा, औंदा विहिरी लवकर आटल्या. शेवटी इंद्रभाननं पाचही बोटं उघडी केली. त्याच्याजवळ जे होतं नव्हतं ते सगळं त्यात आलं. माणिकरावांनी ती पाचही बोटं धरली, एकेक करून आत वळवली, त्याची घट्ट मूठ केली, आणि वरून आपला हात दाबला.

अडतीत बंद मुठीचा अर्थ एकच. काही नको. फुकट घेऊन जा.

इंद्रभान बघतच राहिला. माणिकरावांनी रुमाल फाडकन झटकला आणि खांद्यावर टाकला. सगळ्या जन्मात एवढ्या जोरात कधी झटकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुली यायच्या आधी माणिकराव एकटे जिना चढले. त्यांचे गुडघे धड नव्हते, प्रत्येक पायरीला थांबत होते. मुली बसायच्या तिथं जमिनीच्या फळीतून एक खिळा वर आला होता, त्यात मुलींचे परकर अडकायचे. तो त्यांनी दगडानं ठोकून ठोकून सैल केला, उपसून काढला. आणि खिशात टाकला. स्वभाव!

हेही माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

इंद्रभाननं सिंधूताईंना सांगितलं की माडी तुमची झाली. बाईंनी विचारलं, लिहून घेतलं का? तेव्हा इंद्रभानला असा राग आला की विचारू नका. रुमालाखालचा शब्द कागदावर मागणं म्हणजे मालकाला चोर म्हणणं. आजवर अडतीत कोणी मागितला नव्हता. बाई म्हणाल्या, निदान कितीला ठरलं ते तरी सांगा. तो म्हणाला, ते तिसऱ्याले सांगत नसतात. शारदानं घरी जेवताना विचारलं, तिलाही नाही सांगितलं. आणि माणिकरावांनीही नियम पाळला. मुलाला पत्रानं कळवलं नाही, कोणापाशी बोलले नाहीत.

वैशाखात माणिकराव झोपेतच गेले.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच ओट्यावर गाव जमलं. सरपंच उकंडराव मध्ये बसले होते. उद्धवनं सांगितलं की चिखलीचा एक खतं-औषधं विकणारा दुकानदार इमारत घ्यायला तयार आहे, माडीसकट. सिंधूताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माडी शाळेला दिलेली आहे, माणिकरावांनी स्वतः शब्द दिला आहे, इंद्रभानला विचारा. सगळे इंद्रभानकडे बघायला लागले. वर जिन्याच्या तोंडाशी मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्यात पुढे शारदा.

उद्धव सरळ बोलला. "इंदरकाका, बाबांनी शब्द दिला असेल तर मी तो मोडणार नाही. सगळ्यांसमोर सांगतो. पण काय ठरलं, कितीला ठरलं, ते तर कळलं पाहिजे ना?"

यापेक्षा जास्त कोणी काय म्हणणार? नुसतं सांगायचं होतं. पण इंद्रभान खाली मान घालून बसला. अख्ख्या जन्मात त्यानं रुमालाखालचं बोट कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ज्याच्याशी सौदा केला त्या माणसाला जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते. तो सांगेना. उकंडराव म्हणाले, बोल रे. तो बोलेना. लोकांची चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी मागून म्हणालं की बोलीन कायचा, असंन तं बोलीन ना.

तेव्हा जिन्यावरून शारदा म्हणाली, "बा, सांग ना गा. माह्यासाठी सांग."

इंद्रभाननं एकदा वर तिच्याकडे पाहिलं. मग सांगितलं.

"मूठ केली व्हती त्याहीनं. माहे पाचही बोटं मिटवले. म्हनजे काहीच नाही घेतलं. फुकट देल्ली."

आणि मग मित्रांनो, लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, त्यांना आवरलंच नाही. माणिकरावनं? फुकट? धोतराचा कापूस वेचणाऱ्या माणिकरावनं माडी फुकट दिली? एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "अबे इंदर, खोटं बोलाचं तं पचन असं तरी बोलाव." उद्धव हसला नाही. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "काका, काही आकडा सांगितला असता तर मी मानलं असतं."

इंद्रभानजवळ आता नियमही उरला नव्हता आणि माडीही.

मला राहवलं नाही. मी खालून पाहिलं होतं! मला खिळा माहीत होता, रुमाल माहीत होता, म्हाताऱ्याचा हात माहीत होता. मी सगळा जीव गोळा केला. पायापासून आढ्यापर्यंत जेवढं बळ होतं तेवढं लावलं आणि बोलायचा प्रयत्न केला. माझ्या पोटातून एक आवाज निघाला. माडीचा मोठा वासा करकरला. थोडा चुना खाली पडला, नेमका उकंडरावांच्या टोपीवर.

सगळ्यांनी वर पाहिलं. उकंडरावांनी टोपी झटकली आणि म्हणाले, "आयकलं? इथं पोरी बसवता? उद्या हे पडलं तं कोनाच्या बापाले इचाराचं?" मागच्या लोकांनी माना हलवल्या. दोन आया तेवढ्यात उठल्या, आपापल्या पोरींचे हात धरून त्यांना खाली घेऊन गेल्या. मग तिसरी उठली. सिंधूताई सांगत होत्या की वासा मजबूत आहे, उन्हानं लाकूड वाजतं. कोण ऐकतो?

माझी साक्ष ती एवढीच. आणि तीही उलटी लागली.

जूनमध्ये साहेब आले नाहीत, कागद आला. वर्ग बंद. सिंधूताईंनी काही मुलींना चिखलीच्या शाळेत घालायचं ठरवलं. एकटी मुलगी एसटीनं कोणी पाठवणार नव्हतं, पण तीन-चार मुली मिळून गेल्या असत्या. इंद्रभान घरोघर गेला. म्हणाला, मी रोज सोबत जातो, रोज परत आनतो, माहा शबूद हाय. पूर्वी त्याच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या कापूस रिकामा व्हायचा. आता लोक त्याला दारातच पाणी द्यायचे आणि विषय बदलायचे. एकही मुलगी मिळाली नाही. सिंधूताईंची पुढं बदली झाली. जाताना त्या माझ्या जिन्यावर काही वेळ बसल्या, आणि मग फळा तसाच ठेवून गेल्या.

माडीवर खताची पोती रचली. खाली औषधांचे डबे. त्या वासानं चिमण्यासुद्धा यायच्या बंद झाल्या. गुळाच्या चुन्याला मुंगळे लागायचे ते दिवस आठवले की मला हसू येतं, पण ते हसू काही खरं नाही. खताचा खार माझ्या भिंतींत उतरला, चुना पिठासारखा झडायला लागला. दुकानदारानं ओट्याला लोखंडी जाळी लावली. अशी सहा-सात वर्षं गेली. आता त्यानं बसस्टँडजवळ सिमेंटचं नवं दुकान बांधलं आहे. मला पाडून तो इथं ट्रक उभे करणार आहे. आता वासा खरंच कुजला आहे. उकंडराव शेवटी खरे ठरले.

इंद्रभाननं दुसऱ्याचा मळा वाट्यानं केला आहे. वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, लावतो. आठवडी बाजाराला तो आणि शारदा माझ्या जाळीबाहेर रस्त्यावरच पोतं पसरून बसतात. शारदाचा आवाज अजून मोठा आहे. सांबाराची जुडी ओरडून विकते, आणि गिऱ्हाईक तिच्या तोंडाकडे बघून जरा जास्तच घेतं. येत्या मोसमात तिचं लग्न आहे, साखरखेर्ड्याकडे. स्थळ बरं आहे म्हणतात. मॅट्रिकचं ती आता काही बोलत नाही.

मागच्याच बाजाराची गोष्ट. ऊन उतरलं होतं, उरलेल्या मिरच्या ती गोळा करत होती. इंद्रभान माझ्या भिंतीला टेकून बसला होता. तिनं वर माडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. आणि जे गावातल्या कोणी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं. हळू आवाजात. तिला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बा, खरंच मूठ केली व्हती का रे?"

इंद्रभाननं तिच्याकडे असं पाहिलं की मला माझ्या दगडांची लाज वाटली. तो उठला, टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. ती मिरच्या तशाच टाकून त्याच्या मागं पळाली, बा, बा, करत. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. माझ्या भिंतीवर त्याच्या पाठीचा ओला डाग थोडा वेळ राहिला, मग वाळला.

मित्रांनो, माझ्यासारख्या इमारतींच्या गोष्टींत शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, रंग द्या, आमच्या भिंतींवर नावं कोरू नका. मला रंग नको. माझी काळजी घ्यायची वेळही उरली नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की माणसं वाईट कामं लपवून करतात ते समजतं, पण चांगलं काम तरी कोणी झाकून करू नका. निदान एका माणसाच्या देखत करा, ज्याला जीभ आहे त्याच्या देखत.

आणि साखरखेर्ड्याकडे कधी जाणं झालं, आणि बाजारात मोठ्या आवाजाची एक बाई दिसली, तर तिला सांगा की तुझा बाप खरं बोलला होता. मूठ केली होती. ती विचारेल, कोण म्हणतं? तेव्हा काय सांगाल? तुमच्या गावात एक इमारत होती, ती म्हणत होती, असं सांगाल? ती हसेल. आणि तोवर मी इथं असणार नाही.